रिकाम्या फ्लॅटचा कार्बन कुणाच्या नावावर? पुणे परिसरातल्या बांधकामाचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पूर्व हवेलीतल्या गावांसाठी काही जण मिळून हवामान कृती आराखड्याचा मसुदा करताय. वाघोली, केसनंद, मांजरी या पट्ट्यात हजारो फ्लॅट उभे राहिले आणि त्यातले पुष्कळसे गुंतवणूक म्हणून घेतलेले आहेत. मालमत्तेत पैसा आला की त्या परिसराचं कार्बन उत्सर्जन वाढतं, असं तुम्ही वाचलंत. दाट वस्तीत दरडोई उत्सर्जन कमी होतं, असंही वाचलंत. यातलं खरं कोणतं, आणि रिकामे फ्लॅट हिशेबात धरायचे का?

दोन्ही विधानं खरी आहेत, कारण ती दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. पहिलं परिसराचे एकूण टन मोजतं, दुसरं माणशी टन. गावाची लोकसंख्या दसपट झाली तर एकूण आकडा वाढणारच, त्यात शोध लावण्यासारखं काही नाही. खरा प्रश्न असा आहे की जेवढा कार्बन खर्ची पडला, तेवढ्यात किती माणसांची राहण्याची सोय झाली. गुंतवणुकीचा पैसा नेमकं हेच गुणोत्तर बिघडवू शकतो किंवा सुधारू शकतो. कसं ते आकड्यांनी दाखवतो. आकडे अंगठ्याच्या नियमाचे आहेत, इमारतीगणिक २० ते ३० टक्के इकडेतिकडे होतील, पण निष्कर्ष बदलण्याइतका फरक पडणार नाही.

तुम्ही वाचलेले अभ्यास बहुधा चीनमधल्या प्रांतांवरचे असतील, तिथे या विषयावर बरंच काम झालं आहे. ते इथे जसेच्या तसे लावू नका. जगातलं निम्म्याच्या आसपास सिमेंट चीनमध्ये बनतं आणि तिथल्या बऱ्याच प्रांतांत बांधकाम आणि सिमेंटची भट्टी एकाच हद्दीत येतात. म्हणून गुंतवणूक वाढली की त्याच प्रांताच्या खात्यात टन दिसतात. आपल्याकडे तसं होत नाही. पुण्यात लागणाऱ्या सिमेंटचा चुनखडीचा दगड भाजला जातो चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना-राजुरा पट्ट्यात, नाहीतर कर्नाटकात कलबुर्गीच्या वाडी-सेडम भागात. सळई बरीचशी जालन्याची. वीज चंद्रपूर, कोराडी, भुसावळ, परळीच्या कोळशावरची, त्यात आता सौर आणि पवनचा वाटा वाढतो आहे. म्हणजे वाघोलीत स्लॅब पडतो आणि त्याचा धूर चंद्रपूरच्या आकाशात जातो. तुम्ही फक्त गावाच्या हद्दीतलं उत्सर्जन मोजलंत तर बांधकाम जवळजवळ शून्य दिसेल: थोडं डिझेल, थोडी तात्पुरत्या मीटरची वीज, संपलं.

हा दोष फक्त छोट्या आराखड्यांत नाही. मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये आला. त्यात २०१९ सालचं शहराचं उत्सर्जन २.३४ कोटी टन धरलं आहे आणि त्यातला सुमारे ७२ टक्के वाटा इमारतींतल्या व इतर स्थिर ऊर्जावापराचा, २० टक्के वाहतुकीचा, ८ टक्के कचऱ्याचा आहे. काम चांगलं आहे, पण शहरांसाठी प्रचलित असलेल्या मोजणीच्या पद्धतीत बाहेरून आलेल्या सिमेंट-पोलादाचा कार्बन या बेरजेत येतच नाही. म्हणून माझा पहिला आग्रह हा: तुमच्या मसुद्यात दोन खाती ठेवा. एक हद्दीतलं, एक हद्दीबाहेरचं पण आपल्यामुळे झालेलं. दोन्हींची बेरीज एकत्र करू नका, नाहीतर चंद्रपूरच्या आराखड्यात आणि तुमच्यात तेच टन दोनदा मोजले जातील.

आता एक फ्लॅट घेऊ. ७०० चौरस फूट कार्पेटचा टू बीएचके. इथे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे ७०० या आकड्याने गुणायला सुरुवात करणं. भिंती, जिना, लिफ्ट, लॉबी, पार्किंगचे मजले, क्लब हाऊस, पाण्याच्या टाक्या हे सगळं त्या फ्लॅटच्याच वाट्याचं आहे. पार्किंगवाल्या उंच इमारतीत प्रत्यक्ष बांधकाम कार्पेटच्या साधारण दुप्पट निघतं. म्हणून १,४०० चौरस फूट धरा.

दर चौरस फुटाला सिमेंट ढोबळमानाने ०.४ गोणी, म्हणजे २० किलो. सिमेंटमधली मिश्रणं लक्षात घेऊन किलोमागे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर १४ किलो. सळई साडेचार किलो. भारतातल्या पोलादाला टनामागे सुमारे अडीच टन उत्सर्जन होतं, म्हणजे ११ किलो. मजले वाढले की वाऱ्याच्या आणि भूकंपाच्या भारामुळे सळई पाच-सहा किलोंवर जाते, हे विसरू नका. ब्लॉक, टाइल्स, ॲल्युमिनियमच्या खिडक्या, काच, रंग, डंपर आणि मिक्सरचं डिझेल मिळून आणखी दहाएक किलो. बेरीज चौरस फुटाला ३५ किलो. गुणिले १,४००, म्हणजे ४९ टन. भारतात माणशी वार्षिक उत्सर्जन २ टनांच्या आसपास आहे. एका फ्लॅटच्या बांधकामात एका माणसाची जवळपास २४ वर्षं खर्ची पडली, कुणी दाराला कुलूप लावायच्या आधीच.

सिमेंटचा आकडा एवढा का, तेही मसुद्यात लिहा, कारण लोक म्हणतात की भट्टीला सौरऊर्जा दिली की झालं. तसं होणार नाही. चुनखडी तापवून क्लिंकर बनवताना दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, टन क्लिंकरमागे (क्लिंकर म्हणजे दळून सिमेंट करायचे भाजलेले खडे) अर्ध्या टनाहून थोडा जास्त. इंधनाचा धूर त्यावर आणखी साधारण ०.३ टन. इंधन बदललं तरी दगडातून निघणारा वायू तसाच राहतो. म्हणून क्लिंकर कमी वापरणं आणि मुळात काँक्रीट कमी ओतणं हेच दोन खात्रीचे उपाय उरतात.

आता राहण्यातला कार्बन, त्याच फ्लॅटचा, वर्षाचा. चौघांच्या घराला महिना १५० युनिट वीज. महाराष्ट्राची वीज देशाच्या ग्रिडमधून येते आणि तिथे युनिटमागे सुमारे ०.७ किलो धरतात, म्हणजे १.२६ टन. लिफ्ट, पंप, पार्किंगचे दिवे यातला वाटा महिना ४५ युनिट, म्हणजे ०.३८ टन. आठ सिलिंडर गॅस, १४.२ किलोचे, ०.३४ टन.

पाणी तुमच्या भागात वेगळं मोजावं लागेल. माणशी १३५ लिटर धरलं तर घराला दिवसाला ५४० लिटर, १०० फ्लॅटच्या सोसायटीला ५४,००० लिटर. नळाचं पाणी जेमतेम येत असेल तर दहा हजार लिटरचे पाच टँकर रोज. टँकर १२ किलोमीटरवरच्या विहिरीवरून येत असेल तर जाऊन-येऊन २४ किलोमीटर, लिटरला चारच्या हिशेबाने ६ लिटर डिझेल, १६ किलो कार्बन डायऑक्साइड. वर्षाला सोसायटीचे २९ टन, फ्लॅटमागे ०.२९. गॅसच्या शेगडीइतकाच कार्बन नुसतं पाणी दारात आणण्यात जातो. विहिरीचं अंतर प्रत्यक्ष विचारून घ्या. उन्हाळ्यात ते दुप्पट होतं.

एवढी बेरीज २.२७ टन झाली. उरला प्रवास, आणि इथे जागेचा प्रश्न उघडा पडतो. वाघोलीत घर आणि खराडीत नोकरी असेल तर जाऊन-येऊन १५ किलोमीटर. वर्षाचे २४० दिवस, गर्दीत लिटरला १४ किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी: २५७ लिटर, ०.६ टन. स्कूटरने गेलं तर ०.२ टनांच्याही खाली. तेच घर वाघोलीत आणि नोकरी हिंजवडीत असेल तर रोज ६० किलोमीटर, वर्षाला हजाराहून जास्त लिटर, २.४ टन. इमारत तीच, काँक्रीट तेच, पण घरापासून नोकरी किती लांब यावरून प्रवासाचा कार्बन चौपट. एकूण वार्षिक आकडा २.९ ते ४.७ टन. म्हणजे बांधकामाचे ४९ टन हे राहण्याच्या १० ते १७ वर्षांइतके आहेत. वीज जशी स्वच्छ होत जाईल आणि गाड्या विजेवर जातील, तसा वार्षिक आकडा घटेल. बांधकामाचा आकडा मात्र स्लॅब पडला त्या दिवशी कायम झालेला असतो. म्हणून पुढच्या वीस वर्षांच्या आराखड्यात बांधकामाचं वजन वाढतच जाणार.

यातली आणखी एक खोच. बरेच जण ४९ ला इमारतीच्या ६० वर्षांच्या आयुष्याने भागतात आणि वर्षाला फक्त ०.८ टन आले म्हणून निश्चिंत होतात. पुण्यात ३५-४० वर्षांच्या इमारती पाडून पुनर्विकास चालू आहे. भागायचंच असेल तर ४० ने भागा. आणि भागाकाराने वातावरणाला काही फरक पडत नाही: ते टन आजच गेलेले आहेत.

आता गुंतवणुकीकडे. मालमत्तेतल्या पैशाचा परिणाम तीन वाटांनी होतो: माणूस नसताना घर बांधलं जातं, चुकीच्या जागी बांधलं जातं आणि गरजेपेक्षा मोठं बांधलं जातं.

पहिली वाट म्हणजे तुमचे रिकामे फ्लॅट. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी ११ लाख घरं रिकामी नोंदली गेली, एकट्या मुंबईत ४.८ लाखांच्या आसपास. कारण समजायला कठीण नाही. फ्लॅटच्या किमतीवर वर्षाचं भाडं साधारण तीन टक्क्यांच्या आसपास सुटतं. मालकाची नजर भाड्यावर नसतेच, पुढे भाव वाढेल यावर असते. भाडेकरू निघणार नाही ही भीती, नवं-कोरं घर विकायला सोपं जातं ही समजूत, आणि मालक परगावी किंवा परदेशी. करांचे नियमही त्याच दिशेने ढकलतात: घर विकून झालेला दीर्घकालीन भांडवली नफा दोन वर्षांत दुसरं घर घेतलं किंवा तीन वर्षांत बांधलं तर १० कोटींपर्यंत करमुक्त होतो, म्हणून नफ्याचा पैसा पुन्हा घरातच येतो. शिवाय २०१९ पासून दुसऱ्या स्वतःच्या घरावर मानीव भाडं (न मिळालेलं, पण करासाठी मिळालं असं धरलेलं) धरणं थांबलं, त्यामुळे ते रिकामं ठेवण्याची किंमत आणखी कमी झाली.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: रिकामे फ्लॅट धरायचेच, आणि वेगळ्या ओळीत धरायचे. १०० फ्लॅटची इमारत म्हणजे ४,९०० टन. सगळे राहायला आले तर फ्लॅटमागे ४९. त्यातले ३५ रिकामे असतील तर ६५ कुटुंबांत तेच ४,९०० टन वाटले जातात, कुटुंबामागे ७५. म्हणजे नकळत दीडपट. त्यात लिफ्ट सगळ्या मजल्यांना जाते, पंप टाकी भरतच असतो, जिन्यातले दिवे लागतातच.

इथे गुंतवणूकदाराला सरसकट दोष देणं मला पटत नाही. गुंतवणुकीचा फ्लॅट भाड्याने गेला की तो घर झाला. उलट नोकरी बदलली की घर बदलता येतं, ही भाड्याच्या घराची ताकद प्रवासाचा कार्बन कमी करते. वर खराडी-हिंजवडीचा फरक पाहिलात. भाडेकरू तो फरक ११ महिन्यांच्या करारात मिटवू शकतो, मालकाला २० वर्षांचं कर्ज बांधून ठेवतं. म्हणून मसुद्यात 'गुंतवणुकीचे फ्लॅट' असा रकाना करू नका. 'कुलूपबंद फ्लॅट' असा करा.

दुसरी वाट जमिनीची. रिंगरोडची आखणी जाहीर झाली, गाव महापालिकेत येणार अशी कुजबुज सुरू झाली की जमिनीचे व्यवहार आधी होतात, पाणी आणि बस नंतर पोचतात. वाघोलीसकट २३ गावं जून २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली, पण इमारती त्याच्या कितीतरी आधी आल्या होत्या. भाव वाढेल म्हणून आतली जमीन मालक धरून ठेवतो, बिल्डरला परवडणारी जमीन दोन किलोमीटर पलीकडे मिळते, आणि मधे रिकामे तुकडे सोडून वस्ती पुढे उडी मारते. या उडीची किंमत रस्त्यात मोजता येते. १२ मीटर रुंद, २५ सेंटिमीटर जाडीचा काँक्रीट रस्ता एक किलोमीटर केला तर ३,००० घनमीटर काँक्रीट लागतं आणि सुमारे १,००० टन कार्बन जातो. त्यावर २,००० कुटुंबं असतील तर घरामागे अर्धा टन. २०० असतील तर ५ टन. एनए (बिगरशेती) बंगलो प्लॉटच्या स्कीमा पाहा: रस्ते झाले, कंपाउंड झालं, कमान उभी राहिली, आणि दहा वर्षांनी दोन घरं.

जमिनीवरून लोक हमखास शेतजमिनीच्या कार्बनबद्दल विचारतात. तो आकडा लहान आहे, हे प्रामाणिकपणे लिहा. एक हेक्टर काळी जमीन, वरचा ३० सेंटिमीटरचा थर म्हणजे ३,९०० टन माती. सेंद्रिय कर्ब, म्हणजे मातीतला कार्बन, ०.७ टक्के धरला तर २७ टन कर्ब, सगळा उडून गेला तरी १०० टन कार्बन डायऑक्साइड. त्याच हेक्टरवर दीड एफएसआयने (जमिनीच्या क्षेत्रफळाच्या दीडपट) बांधलं तर पार्किंग-जिन्यांसह सव्वादोन लाख चौरस फूट आणि सात-आठ हजार टन. शेती वाचवण्याची कारणं अन्न, पाण्याचा निचरा, ओढे-नाले अशी भक्कम आहेत. कार्बनच्या नावावर ती मांडली तर विरोधक एका गुणाकारात खोडून काढतील.

तिसरी वाट, गरजेपेक्षा मोठं बांधणं, यात पार्किंग सर्वांत महाग. पोडियममध्ये (इमारतीखालचे पार्किंगचे मजले) किंवा तळघरात एका मोटारीला मार्गिका आणि रॅम्प धरून ३०० ते ३२० चौरस फूट लागतात. तळघराच्या जाड भिंती आणि राफ्टमुळे (पायाचा सलग जाड स्लॅब) दर ४० किलोंवर जातो. एका मोटारीच्या जागेचे १२ ते १३ टन. पुनर्विक्रीला बरं म्हणून गुंतवणूकदार दोन पार्किंग मागतो, बिल्डर देतो. मेट्रो स्थानकाच्या ५०० मीटरमध्ये चारपर्यंत एफएसआय मिळू शकतो; तिथेही तीन मजली पोडियम उभा राहिला तर मेट्रोने वाचवलेला कार्बन पायथ्याशीच पुरला गेला असं समजा.

मग गावाबाहेर नवीन बांधण्यापेक्षा शहरात पुनर्विकास बरा का? याचं उत्तर स्ट्रक्चरल ऑडिटवर अवलंबून आहे. कोथरूडमधली चाळीस वर्षांची तीन मजली इमारत घ्या, २४ सदनिका. तिच्या जागी ६० सदनिकांची इमारत, सदनिकेमागे १,७०० चौरस फूट बांधकाम कारण जुन्या सभासदांना मोठी जागा हवी. एकूण ३,५७० टन. जुनी इमारत खरोखर मोडकळीला आली असेल, सळईला गंज चढून तिच्यावरचं काँक्रीट सुटत असेल, तर त्या २४ घरांना नवीन छप्पर लागणारच होतं. त्यांचा वाटा त्यांच्याकडे, आणि नव्या ३६ कुटुंबांच्या नावावर प्रत्येकी ६० टन. हे वाघोलीच्या ४९ पेक्षा थोडं जास्त, पण टँकर नाही, बस-मेट्रो जवळ, आठ-दहा वर्षांत फरक भरून निघतो.

इमारत मात्र ठणठणीत असेल आणि फक्त वाढीव चौरस फुटांसाठी पाडली जात असेल, तर ३,५७० चे सगळे टन त्या ३६ नव्या कुटुंबांमुळे झाले: घरामागे ९९ टन. ५० टनांचा फरक प्रवासात वर्षाला १.२ टन वाचवून भरायला चाळीसएक वर्षं लागतील, तोवर पुढचा पुनर्विकास दारात. रिबाउंड हॅमर (काँक्रीटची ताकद) आणि हाफ-सेल (सळईचा गंज) चाचण्यांचे आकडे मागितल्याशिवाय 'शहरातली घनता म्हणजे कमी कार्बन' असं वाक्य मसुद्यात लिहू नका. दुरुस्ती, कॉलम जॅकेटिंग (खांबाभोवती नवं काँक्रीट), वॉटरप्रूफिंग यांत नव्या इमारतीच्या छोट्याशा भागाइतकाच कार्बन जातो.

बांधकाम होणारच असेल तर कमी कसं करायचं, यात सिमेंटपासून सुरुवात होते. ओपीसीऐवजी (साधं, मिश्रण नसलेलं सिमेंट) राखमिश्रित पीपीसी किंवा स्लॅग (पोलाद भट्टीची मळी) सिमेंट वापरलं तर चौरस फुटाला पाच किलो, फ्लॅटमागे सात टन वाचतात. मानकानुसार पीपीसीत १५ ते ३५ टक्के राख चालते, स्लॅग सिमेंटमध्ये २५ ते ७० टक्के स्लॅग. अडचण साइटवर येते. मिश्र सिमेंटला सुरुवातीची ताकद उशिरा येते, आणि ॲल्युमिनियमच्या साच्यांत (फॉर्मवर्क) ओतलेल्या इमारतीत सात दिवसांत पुढचा स्लॅब हवा असतो. म्हणून ठेकेदार ओपीसीकडे वळतो, किंवा राख घालतो पण क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) जुन्याच हिशेबाने बंद करतो. काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस ४५६) ओपीसीला किमान ७ दिवस, मिश्र सिमेंटला किमान १० दिवस पाणी हवं; हवा कोरडी आणि तापलेली असेल तर हेच आकडे १० आणि १४ होतात. मे महिन्यात वाघोलीच्या उघड्या माळावर सातव्या दिवशी पाणी थांबवलं की पृष्ठभाग भुसभुशीत राहतो, भेगा पडतात, आणि दोष राखेच्या माथी मारला जातो. पाया, राफ्ट, पाण्याच्या टाक्या, माती अडवणाऱ्या भिंती इथे घाई नसते. तिथे स्लॅगचं प्रमाण जास्त ठेवायला कुणाचीच हरकत नसावी.

वरचे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा: सगळं सिमेंट बदलून फ्लॅटमागे सात टन, एक मोटारीची जागा न बांधून बारा. म्हणून पार्किंगवरच्या भांडणात मी जास्त शक्ती घालेन. हरित प्रमाणपत्राचंही तसंच. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत हरित मानांकनाला ३, ५ आणि ७ टक्के वाढीव एफएसआय आहे. वाढीव एफएसआय म्हणजे वाढीव काँक्रीट. मानांकनातून विजेत किती बचत झाली, ते पहिल्या तीन वर्षांच्या बिलांवरून तपासण्याची सोय आराखड्यात सुचवा.

झालेल्या इमारतींसाठी सर्वांत पटकन होणारं काम म्हणजे सामाईक विजेला सौर. १०० फ्लॅटचा सामाईक वापर वर्षाला ५४,००० युनिट. एक किलोवॅट इथे वर्षाला सुमारे १,४०० युनिट देतं, म्हणजे ३९ किलोवॅट आणि ४,००० चौरस फूट गच्ची. केंद्राच्या सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापराला किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात. अडचण गच्चीच्या हक्काची येते: वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटला टेरेस जोडून विकलेली असेल तर जागाच उरत नाही. ठराव करण्याआधी मंजूर नकाशा पाहा.

शेवटी माहिती कुठून आणायची. चौरस फूट महारेराच्या (राज्याचं गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण) पानावरून घेऊ नका, तिथे फ्लॅटचा हिशेब कार्पेटचा असतो. २०,००० चौरस मीटरहून मोठ्या प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते. त्या कागदपत्रांत एफएसआय आणि बिगर-एफएसआय मिळून एकूण बांधकाम क्षेत्र, मोटारींची संख्या, पाण्याची मागणी, जनरेटर सगळं असतं. महारेरावरून फक्त सदनिका किती आणि बुकिंग किती एवढं घ्या. बांधकामाचे टन भोगवटा पत्राच्या वर्षात टाकू नका, स्लॅब पडले त्या वर्षांत विभागा; नाहीतर रखडलेल्या प्रकल्पांचे सांगाडे, ज्यांत अर्ध्याहून जास्त कार्बन जाऊन बसलाय, तुमच्या तक्त्यात कधीच दिसणार नाहीत.

कुलूपबंद फ्लॅट मोजायला महावितरणची आकडेवारी सर्वांत विश्वासार्ह. व्यक्तीची नावं मागू नका, ती मिळणार नाहीत आणि लागतही नाहीत. फीडर किंवा रोहित्रानिहाय घरगुती जोडण्या किती आणि त्यातल्या महिना २० युनिटांखालच्या किती, एवढंच मागा. चालू घरात एकटा फ्रिजच २५-३० युनिट खातो, म्हणून सलग १२ महिने २० च्या खाली असलेलं मीटर म्हणजे बंद घर. फक्त एप्रिल-मेची यादी घेतलीत तर गावी गेलेली कुटुंबंही रिकाम्यांत मोजली जातील. पडताळणीसाठी नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स (भाड्याच्या) करारांची गावनिहाय संख्या नोंदणी विभागाकडे मागता येते, कारण महाराष्ट्रात तो करार नोंदवणं बंधनकारक आहे. तेही जमलं नाही तर दोन-तीन सोसायट्यांच्या सेक्रेटरींना भेटा आणि कचऱ्याच्या गाडीला रोज किती दारांतून कचरा मिळतो ते विचारा. सफाई कामगाराला हा आकडा तोंडपाठ असतो, आणि मीटरच्या यादीशी तो बहुतेक वेळा जुळतो.